नाना, तुमच्या वेल्डिंगमध्ये छिद्र नव्हतं

नाना,

मंगळवारी सकाळी शुभदाचा फोन आला. "बाबा गेले," एवढंच म्हणाली ती. आणि मी, पन्नाशीला टेकलेली बाई, तिला काय म्हणाले असेन? "अगं, पण मी या रविवारी यायचं म्हणत होते." ती म्हणाली, "हो मॅडम, बाबांना सांगितलं होतं मी." बाप जाऊन अर्धा तास झाला नव्हता आणि त्या मुलीला माझी समजूत काढावी लागली. तुमचीच मुलगी ती.

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचा एक जुना फोटो फिरतोय. कुणाच्या तरी निरोपसमारंभातला, हातात बटाटेवड्याची बशी, मान अर्धवट वळलेली. खाली जोडलेल्या हातांची रांग. कुणी लिहिलंय 'निष्णात कारागीर', कुणी 'अत्यंत मितभाषी'. मितभाषी! मला हसू आलं आणि मग रडू आलं. दिवसभर भट्टीशेजारी बसून तुम्ही किती बोलायचात हे यांना कुठून माहीत असणार? साहेब लोक आले की तुम्ही गप्प व्हायचात, आणि ग्रुपवर लिहिणारे बहुतेक साहेबच आहेत. मी तिथे काहीच लिहिलं नाही. मला जे सांगायचं होतं ते फक्त तुम्हाला सांगायचं होतं, आणि ते मी नऊ वर्षं सांगितलं नाही.

परळच्या आपल्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. नवी डॉक्टरेट, नवी चप्पल, आणि धातूंना गंज कसा चढतो हे आपल्याला सगळं कळतं अशी खात्री. पहिल्याच दिवशी तुम्ही धातूच्या चाळीस पातळ चकत्या एका ट्रेमध्ये मांडून माझ्यापुढे ठेवल्यात. मी एक उचलली, बोटांनी. दुसरी उचलली. मी पाचवीला हात घातला तेव्हा तुम्ही ट्रे माझ्यासमोरून उचललात आणि सगळ्या चाळीस चकत्या परत ॲसिटोनने धुवायला घेतल्यात.

"मी पाचांनाच हात लावला," मी म्हणाले.

"कुठल्या पाच ते तुम्हाला आठवतंय, डॉक्टर?"

मला आठवत नव्हतं. तुम्ही माझ्या हातात चिमटा दिलात. "बोटाचं तेल लागलं की मीठ तिथेच आधी चावतं. मग तुम्ही लिहिणार, धातू वाईट." त्या दिवसानंतर मी कुठल्याही चकतीला बोट लावलं नाही. घरी भाकरी उलटतानाही चिमटा शोधायला लागले, तेव्हा माझी आई म्हणाली, हे काय नवीन.

आपलं काम काय होतं हे मी लोकांना सांगायचे तेव्हा ते जांभई द्यायचे. तुम्ही सांगायचात तेव्हा ऐकायचे. फ्लोराइडचं मीठ सातशे अंशांवर वितळवलं की ते पाण्यासारखं दिसतं, नितळ, रंग नाही, वास नाही. उष्णता वाहून न्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही. त्या उष्णतेवर पुढे वीज करायची. पण ते ठेवायचं कशात? साध्या हवेत पोलादाला त्याच्यातलं क्रोमियम वाचवतं. या मिठाला नेमकं तेच क्रोमियम लागतं. ते कणाकणाने काढून घेतं आणि मागे भोकाभोकांचं पोलाद उरतं. निकेलला ते फारसं काही करत नाही, पण अख्खं भांडं निकेलचं केलं तर त्या उष्णतेला ते वजन पेलणार नाही. म्हणून पोटात पोलाद आणि वरून निकेलचा पत्रा, दोन्ही दाबून एकजीव केलेले. कुणी पाहुणे त्याला मुलामा म्हणाले की तुम्हाला राग यायचा. "कल्हई वाटली काय तुम्हाला? घासली की जाईल?"

आणि त्या पत्र्यातून तपासणीसाठी चकती कापली की कडेला आतलं पोलाद उघडं पडायचं. माझ्या लक्षात येईना की एवढ्याशा कडेचं एवढं काय. "सँडविच कापलं की काकडी दिसते ना? मग मीठ काकडीच खाणार, पावाला कशाला विचारील?" तुम्ही म्हणालात. ती कड निकेलच्या बारीक वेल्डिंगने बंद करायची. नखाएवढ्या जाडीच्या चकतीची कड, सगळ्या बाजूंनी, एकही छिद्र न ठेवता. ते काम आपल्या इमारतीत फक्त तुम्हाला यायचं. तुम्ही मलाही शिकवायला घेतलंत. माझी पहिली कड बघून तुम्ही बराच वेळ मान हलवत राहिलात आणि म्हणालात, "शेवग्याची शेंग झाली."

पहिल्या वर्षाच्या शेवटी कधीतरी 'डॉक्टर' गळून पडलं आणि मी 'बाय' झाले. मला तो दिवस आठवतो. आपण रे रोडला भंगारच्या गोदामांत गेलो होतो, निकेलचा एक जाड तुकडा मिळतो का बघायला. तिथल्या माणसाने तीन तुकडे पुढे टाकले, तिन्ही सारखेच करडे. तुम्ही ग्राइंडर मागितलात. पहिल्या तुकड्याची ठिणगी लांब गेली आणि टोकाला फुटली. दुसऱ्याची थोडी आखूड. तिसऱ्याची लालसर, जवळजवळ उडालीच नाही. "सांग बाय, निकेल कुठलं?" मी चुकीचं सांगितलं; निकेल तिसरा होता. गोदामवालाही हसला. परत येताना तुम्ही मला घोडपदेवला तुमच्या चाळीत नेलंत आणि वहिनींना म्हणालात, "ही आमची डॉक्टर. पुस्तकातलो निकेल ओळखता, हातातलो नाय." वहिनींनी मला बांगडे जेवायला घातले. मी घरी मासे खात नाही हे मी त्यांना सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. तेव्हापासून मी मासे खाते.

आपला मोठा वाद क्रोमियमचा होता. तुमचं म्हणणं, निकेलचा थर कितीही चांगला बसवा, आतलं क्रोमियम हळूहळू त्यातून वाट काढत वर येणारच. मी म्हणायचे, येईल, पण इतकं हळू की भांड्याचं आयुष्य संपेल तोवर ते वर पोचणार नाही. माझ्याकडे आकडेमोड होती. तुमच्याकडे काय होतं? "मी गरम धातू बघितलाय, बाय. तो स्वस्थ बसत नाही." किती वेळा वाद घातला आपण यावर! एकदा लालबागच्या त्या हॉटेलात दुसऱ्या टेबलावरच्या बाईंना वाटलं आपण घरच्या कुणाबद्दल भांडतोय. "अहो, एवढं वर यायचंय तर येऊ द्या ना त्याला," त्या म्हणाल्या. तुम्ही त्यांना अगदी आदराने सांगितलंत, "तोच तर त्रास आहे, ताई."

आता मला हळू लिहावं लागतंय.

नऊ वर्षांपूर्वी आपली हजार तासांची चाचणी ठरली होती. तुम्ही अकरा चकत्या केल्या होत्या, त्यांतल्या सहा मिठात जाणार होत्या. प्रकल्पाचं पुढे काय करायचं ते त्यावर ठरणार होतं, आणि पाहणी समितीचा दिवस नक्की झाला होता. मीठ सुकवणं हे माझं काम. या मिठात पाण्याचा अंश राहिला तर तापल्यावर त्याचं आम्ल होतं आणि मग ते निकेललाही जुमानत नाही, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला शिकवते. जुलै महिना होता. मी मीठ ओव्हनमधून काढलं, वजनासाठी बरणी उघडली, आणि माझ्या मुलाच्या, अथर्वच्या शाळेतून फोन आला. तो जिन्यावरून पडला होता, हनुवटीला टाके घालावे लागणार होते. मी बोलत बोलत बाहेर गेले. नवऱ्याला फोन केला, त्याला शाळेत जायला सांगितलं, पुन्हा शाळेला फोन केला. वीस मिनिटं तरी गेली असतील. परत आले तेव्हा तुम्ही चकत्यांचा ट्रे घेऊन टेबलाशी उभे होतात. बरणी उघडी होती.

तुम्ही विचारलंत, "परत सुकवूया काय?"

परत सुकवायचं म्हणजे दोन दिवस. समितीची तारीख चुकणार. मी म्हणाले, "नको. आत्ताच उघडलीय मी."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्ही तिथे किती वेळ उभे होतात मला माहीत नव्हतं. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि ट्रे ग्लोव्हबॉक्सकडे, कोरड्या वायूच्या त्या बंद पेटीकडे नेलात. मग तुम्ही विचारलंत, "पोरगा बरा आहे ना?"

सहा आठवड्यांनी भट्टी थंड केली. गोठलेलं मीठ पांढरं असायला हवं होतं. ते हिरवट निघालं. क्रोमियम मिठात उतरलं की असा रंग येतो. सहाच्या सहा चकत्यांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या, वेल्डिंगची रेघ काही ठिकाणी दिसतच नव्हती.

समितीच्या बैठकीत तुम्ही दाराशी उभे होतात, नेहमीसारखे. तुम्हाला खुर्ची दिली होती तरी. अध्यक्षांनी मला विचारलं, कारण काय असावं? मी आदल्या दिवशी ठरवून आले होते की मिठाच्या ओलाव्याची शक्यता सांगायची. निदान शक्यता म्हणून तरी. आणि माझ्या तोंडातून वेगळंच आलं. "नुकसान कडेपासून सुरू झालंय. कडेच्या वेल्डिंगमध्ये सूक्ष्म छिद्रं राहिली असावीत."

अध्यक्ष दाराकडे वळले. "परब, असं झालं असेल का?"

मी तुमच्याकडे बघू शकले नाही, मी टेबलावरच्या ट्रेकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, "असू शकतं, सर."

बैठक पुढे गेली. नमुने बनवण्याची पद्धत सुधारा, चाचणी पुन्हा घ्या, असं ठरलं. प्रकल्प वाचला. सगळे चहाला उठले. व्हरांड्यात तुम्ही माझ्याजवळ आलात आणि हळू म्हणालात, "बाय, मीठ बघ एकदा." मला राग आला, नाना. खरंच राग आला. मी म्हणाले, "मीठ माझं मी बघते." इतक्या वर्षांत मी तुमच्याशी तशा आवाजात बोलले नव्हते.

अहवाल मी लिहिला. 'नमुन्यांच्या कडेच्या जोडातील दोष.' महिन्याभरात वेल्डिंगचं काम बाहेरून करून घ्यायचं ठरलं आणि तुम्हाला भांडारात बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. मी तुम्हाला म्हणाले, "मी बोलते साहेबांशी." तुम्ही म्हणालात, "राहू दे." आणि मी राहू दिलं.

मी आणखी एक केलं, जे कुणालाच माहीत नाही. मी मीठ सुकवण्याची पद्धत गुपचूप बदलली. दुप्पट वेळ, आणि बरणी ग्लोव्हबॉक्सच्या बाहेर उघडायचीच नाही. पुढची चाचणी चांगली गेली. सगळे म्हणाले, बघा, वेल्डर बदलल्याने किती फरक पडला. मी मान डोलावली. स्वतःला मात्र सांगत राहिले की दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, तेव्हा नक्की कशामुळे झालं ते सांगता येणार नाही. शास्त्राच्या भाषेत हे बरोबर आहे. त्या भाषेच्या आड मी आठ वर्षं काढली.

भांडारात तुम्ही बसायचात ती खिडकी कँटीनच्या वाटेवर होती. मी कधी कधी लांबच्या जिन्याने जायचे. कधी कधी थांबायचे. तुम्ही आर्गॉनचे सिलिंडर मोजलेले असायचे, स्क्रू मापाप्रमाणे लावलेले. "क्रोमियम पोचलं काय वर?" तुम्ही विचारायचात, आणि मी म्हणायचे, "नाही अजून." आपण हसायचो. तुमच्या निरोपसमारंभात मी भाषण केलं. ते चांगलं झालं असं सगळे म्हणाले.

मागच्या वर्षी मीनल नावाची माझी विद्यार्थिनी जुनं कपाट आवरत होती. तिला बटरपेपरमध्ये गुंडाळलेल्या पाच चकत्या सापडल्या. प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात क्रमांक, सात ते अकरा. तिने मला विचारलं, या टाकू की वापरू? मी म्हणाले, वापर. मी ते सहज म्हटलं असं मला वाटत नाही. तिने नीट सुकवलेल्या मिठात त्या हजार तास ठेवल्या. ज्या दिवशी काढल्या त्या दिवशी मी तिच्या मागे उभी होते. मीठ पांढरं होतं. चकत्या धुतल्या, वजन केलं. फरक जवळजवळ नव्हताच. तिने एक चकती कापून घासली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बराच वेळ बघून म्हणाली, "मॅडम, कुणी केलंय हे वेल्डिंग? एकसुद्धा छिद्र नाहीये."

मी तिला तुमचं नाव सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मी घोडपदेवला आले. तुमच्या हृदयाचं दुखणं वाढलंय हे शुभदाकडून कळलं होतं. तुम्ही गॅलरीत खुर्चीवर बसला होतात, इतके बारीक झालेले की शर्ट दुसऱ्याचा वाटत होता. मला बघून उठायला लागलात, वहिनींनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. मी तुम्हाला पाच चकत्यांची गोष्ट सांगितली. तुम्ही डोळे मिटून ऐकलीत. मी म्हणाले, "तेव्हा मीठ दमट होतं, नाना."

"हां," तुम्ही म्हणालात. "माका तसाच वाटलेला."

मीठ दमट होतं. जणू ते आपणहून दमट झालं. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं, मी उघडी ठेवली होती बरणी, मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही गप्प होतात. आता कळतं, तुम्ही मला वेळ देत होतात. तेवढ्यात वहिनी चहा आणि गावाहून आलेलं खाजं घेऊन आल्या, आणि मी सुटल्यासारखी खाजं उचललं. मग तुम्हीच विचारलंत, "क्रोमियम?" मी सांगितलं की पाचांतल्या एकीत निकेलमध्ये थोडंसं वर सरकलेलं दिसलं, मीनलने मोजलंय, तुम्ही म्हणत होतात तसंच. तुमचा चेहरा असा उजळला! तुम्ही वहिनींना हाक मारून सांगितलंत, "ऐकलंस? वर येता!" वहिनींना काय वर येतं ते कळलं नाही, त्या म्हणाल्या, "येवंदे." निघताना मी म्हणाले, फोटो घेऊन परत येते, तुम्हाला तुमचं वेल्डिंग दाखवते. तुम्ही मला जिन्यापर्यंत सोडायला यायचा हट्ट धरलात, आणि दोन पावलांवर दम लागून थांबलात.

मी परत आले नाही. पाच महिने. काम होतं असं मी म्हणू शकते, आणि काम होतंही. पण घोडपदेव परळपासून किती लांब आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही रोज चालत यायचात.

मंगळवारी स्मशानातून मी थेट प्रयोगशाळेत गेले आणि लिहायला बसले. बुधवारी कागद तयार झाला. जुन्या अहवालातला निष्कर्ष चुकीचा होता, नमुन्यांच्या जोडात दोष नव्हता, मीठ हवेत उघडं राहिल्याने ओलावा शिरला आणि ती चूक माझी होती, असं स्पष्ट लिहिलं. नवे संचालक चांगले आहेत. ते म्हणाले, "मॅडम, नऊ वर्षांपूर्वीच्या अहवालाला आता कोण विचारतंय? तुम्ही स्वतःला का अडचणीत आणता?" मी म्हणाले, "सर, सही करा." त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला. शुक्रवारी सही केली. शुक्रवारीच मी सगळ्यांसमोर तो वाचला. मीनल माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होती, आणि ते मला मान्य आहे.

काल मी तो घेऊन तुमच्या घरी गेले. सुतकाचं घर, कुणी चहापाणी विचारायचं नसतं, त्यामुळे हातात धरायलाही काही नव्हतं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, मीही खाली बसले. शुभदा बाजूला. मी त्यांना सगळं सांगितलं. बरणी, शाळेचा फोन, बैठक, सगळं. सलग सांगितलं, थांबले नाही. थांबले असते तर पुढे गेले नसते.

वहिनी म्हणाल्या, "माका ठावक आसा."

"कधीपासून?" मी विचारलं.

"बैठक झाली त्याच दिवशी सांगितलेलं त्यांनी. मी म्हटलं, मग तुम्ही का नाय बोललात? तर म्हणाले, वेल्डिंग चुकलं म्हटलं तर वेल्डर बदलतात. मीठ चुकलं म्हटलं तर सगळाच कारखाना बंद करतात. एवढ्या वर्षांचं काम आहे म्हणाले. त्यांना वाटलेलं, काम एकदा मार्गाला लागलं की तुम्ही सांगाल. सहा महिन्यांनी. वर्षाने. भांडारात होते तोवर वाट बघत होते. निवृत्त झाल्यावर नाय बोलले परत."

मी म्हणाले, "मला भीती वाटली, वहिनी."

"वाटली असेल," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "घरी आल्यावर ते पहिले हात धुवायचे. मोरीत बसून, साबण लावून, नखं ब्रशने घासून. पंधरा मिनटं. मी ओरडायची, पाणी जाईल. भांडारात गेल्यापासून धुवायचेच नाय. सरळ येऊन बसायचे. मळायचेच नाय ना हात."

नाना, मला वाटलं होतं मी रडेन आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवतील. मी हे लिहितेय कारण मला ते खरंच वाटलं होतं, आणि त्याची मला लाज वाटते. त्यांनी हात फिरवला नाही. मी रडलेही नाही. रडण्याचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

मी कागद पुढे केला. तो इंग्रजीत होता. शुभदाने मोठ्याने वाचला, मग एकेका वाक्याचं मराठीत सांगितलं. वहिनी ऐकत होत्या, डोळे भिंतीवरच्या तुमच्या शर्टाकडे, तो अजून खुंटीलाच आहे. वाचून झाल्यावर त्या शुभदाला म्हणाल्या, "नाव बरोबर आसा काय ता बघ."

शुभदाने कागद पुन्हा वर घेतला. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "काय झाला?"

"यशवंत बी. परब असं लिहिलंय," ती म्हणाली.

तुमच्या वडिलांचं नाव सखाराम होतं. मला ते माहीत नव्हतं. वीस वर्षं तुम्हाला ओळखत होते, तुमच्याशेजारी बसले, तुमच्या घरी जेवले, आणि अंदाजाने एक अक्षर ठोकून दिलं, कुणाला विचारलंसुद्धा नाही. इतका वेळ सरळ राहिलेला माझा आवाज तिथे गेला. मी कागद परत मागितला. म्हणाले, "चुकलं माझं. सोमवारी दुरुस्त करून, पुन्हा सही घेऊन आणते."

वहिनींनी कागद शुभदाकडून घेतला आणि पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिला.

"आणा," त्या म्हणाल्या. "मी घरातच आसंय."